मूत्रमार्गात तात्पुरता स्टेंट बसवण्याआधीची तयारी

तारीख घेण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा: स्टेंट (मार्ग उघडा ठेवणारी छोटी नळी) का, युरेथ्रोप्लास्टी (मूत्रमार्ग दुरुस्त करणारी शस्त्रक्रिया) का नाही? पुण्यात तर हे विचारायलाच हवं. लांबलचक स्ट्रिक्चरवर (मूत्रमार्गातल्या आकुंचनावर) गालाच्या आतलं अस्तर लावून मूत्रमार्ग रुंद करण्याची जी पद्धत जगभर ओळखली जाते, ती इथल्याच डॉ. संजय कुलकर्णींची. स्टेंटचा विचार होतो तो मुख्यतः बल्बर (वृषणांच्या मागच्या) भागातल्या आखूड स्ट्रिक्चरसाठी, दुर्बिणीने कापूनही जे पुन्हा आवळतं किंवा ज्या रुग्णाला मोठी भूल झेपणार नाही अशा वेळी.

आरजीयू (मूत्रमार्गात औषध सोडून काढलेला) आणि एमसीयू (लघवी करताना काढलेला) हे दोन्ही एक्स-रे जवळ असू द्या. एकात अडथळ्याची पुढची बाजू दिसते, दुसऱ्यात मूत्राशयाकडची. दोन्ही मिळूनच खरी लांबी कळते. स्टेंट दोन्ही टोकांना साधारण सेंटिमीटरभर पुढे जावा लागतो. आखूड पडला तर टोकाशी नवं आकुंचन येतं, आणि लघवी रोखणाऱ्या स्नायूच्या फार जवळ गेला तर लघवी गळते. आकुंचन कापल्यानंतर माप बदलू शकतं, म्हणून थिएटरमध्ये दोन लांबीचे स्टेंट मागवलेत का, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. युरोफ्लोला (लघवीचा वेग मोजणाऱ्या चाचणीला) भरल्या मूत्राशयाने जा. दीडशे मिलीपेक्षा कमी लघवी झाली तर आलेखावर भरवसा ठेवता येत नाही.

लघवीची नुसती रुटीन तपासणी पुरत नाही, कल्चर (जंतू वाढवून पाहणारी तपासणी) लागतं. त्याचा अहवाल यायला दोन-तीन दिवस जातात, म्हणून नमुना आठवडाभर आधी द्या. जंतुसंसर्ग असताना दुर्बीण घातली तर जंतू रक्तात शिरू शकतात. क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. भुलीआधी सहा तास जेवण नाही, दोन तास पाणीही नाही.

गुटखा, तंबाखू, मिश्री आजपासून बंद. स्टेंट निकामी ठरला तर पुढे गालाच्या आतलंच अस्तर लागणार आहे, आणि तंबाखूने कडक झालेल्या गालातून चांगला तुकडा मिळत नाही.

कॅशलेस असेल तर पूर्वमंजुरीच्या अर्जात स्टेंटचं नाव आणि किंमत वेगळी लिहून घ्या. नंतर अडतं ते बहुधा इथेच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्टेंट काढायची तारीख. बसवून घरी निघण्याआधीच ती डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये टाका. मुदत उलटली की स्टेंटवर क्षार चढतात, टोकांना मांस वाढतं आणि तो ओढून काढणं अवघड होतं. स्टेंटचं स्टिकर जपून ठेवा, एमआरआयच्या वेळी ते दाखवावं लागेल.

घरी न्यायला चारचाकी ठरवा. आपण ज्या भागावर बसतो त्याच्या अगदी वर स्टेंट असतो. खड्ड्यांतून दुचाकी किंवा सायकल चालवली तर दुखतं, स्टेंट सरकूही शकतो. लघवी करून उठल्यावर चार थेंब गळणं नेहमीचं आहे, काही दिवस पॅड वापरा.

लघवी अडली तर जवळच्या दवाखान्यात घाईने स्टेंटमधून कॅथेटर घालू देऊ नका, त्याने स्टेंट सरकतो. ‘मूत्रमार्गात स्टेंट आहे’ हे आधी सांगा आणि आपल्या युरॉलॉजिस्टना फोन लावून द्या. गरज पडल्यास ओटीपोटातून नळी घालता येते. थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न पाहता निघा.