चार्जर सर्वांत शेवटी घ्यावा: घरी गाडी चार्ज करण्यापूर्वीची तयारी

विजेवर चालणारी गाडी नोंदवली की शोरूममध्ये 'घरी चार्जर ३.३ किलोवॅटचा लावायचा की ७.२ चा?' असे विचारले जाते, आणि पार्किंगची जागा, मीटर किंवा वायरिंग यांपैकी काहीही न पाहता बहुतेक जण तिथेच उत्तर देऊन मोकळे होतात. वास्तविक या सगळ्या खरेदीत चार्जर ही शेवटी घ्यायची वस्तू आहे. पुढील तयारी मुख्यतः महाराष्ट्रातील गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. स्वतंत्र घर असणाऱ्यांनी कमिटीच्या परवानगीचा भाग वगळून बाकीचे वाचावे.

प्रथम आपली गरज आकड्यांत मांडावी. सध्याच्या गाडीचे रोजचे किलोमीटर आठवडाभर लिहून ठेवले तरी पुरेसा अंदाज येतो. लहान किंवा मध्यम आकाराची गाडी शहरात एका युनिटमध्ये साधारण सहा ते सात किलोमीटर चालते. म्हणजे रोज ४० किलोमीटर जाणाऱ्याला, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून, सुमारे सात युनिटे लागतात आणि ३.३ किलोवॅटचा चार्जर ती दोन-अडीच तासांत भरून देतो. ज्यांची गाडी रात्री दहा तास उभी असते, त्यांना याहून मोठ्या चार्जरची निकड सहसा नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. ४५ किलोवॅट-अवरची (म्हणजे ४५ युनिटांची) बॅटरी रिकामी होऊन दुसऱ्या सकाळी पुन्हा लांब निघायचे असेल, तर मात्र ३.३ वर लागणारे पंधरा तास आणि ७.२ वर लागणारे सात तास यांतला फरक जाणवतो. घरात अशा दोन गाड्या असतील किंवा गाडी व्यवसायासाठी दिवसभर फिरत असेल, तरीही ७.२ चा विचार करावा.

याच टप्प्यावर गाडीचे माहितीपत्रक काढून तिच्यातल्या ऑनबोर्ड चार्जरची क्षमता पाहून घ्यावी. भिंतीवर बसवायच्या पेटीला आपण चार्जर म्हणत असलो, तरी घरातल्या एसी विजेचे बॅटरीला लागणाऱ्या डीसीमध्ये रूपांतर करणारा खरा चार्जर गाडीच्या आत असतो. भिंतीवरची पेटी वीज सुरक्षितपणे सोडणे, थांबवणे आणि किती घ्यायची ते गाडीला सांगणे एवढेच करते. गाडीची क्षमता ३.३ किलोवॅटची असेल, तर भिंतीवर ११ किलोवॅटची पेटी लावूनही गाडी ३.३ नेच भरणार. शिवाय ११ किलोवॅटसाठी घरात थ्री-फेज जोडणी आणि गाडीतही थ्री-फेजची सोय, अशा दोन्ही गोष्टी लागतात.

त्यानंतर वीजबिल हातात घेऊन त्यावरील मंजूर भाराचा, म्हणजे एका वेळी किती किलोवॅट घेण्याची परवानगी आहे त्याचा, आकडा वाचावा. ७.२ किलोवॅटचा चार्जर २३० व्होल्टवर सुमारे ३१ अँपिअर ओढतो, आणि तोही तासन्‌तास, सलग. ज्या फ्लॅटचा मंजूर भार तीन-चार किलोवॅट आहे आणि जिथे रात्री दोन एसी चालतात, तिथे हा चार्जर आहे त्या जोडणीवर लावणे म्हणजे मुख्य एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडण्याची किंवा मीटरच्या टर्मिनलपाशी वायर तापण्याची व्यवस्था करून ठेवणे. अशा वेळी भारवाढीचा अर्ज आधी करावा. सिंगल-फेजवर हा भार बसत नसेल, तर थ्री-फेज घ्यावे लागेल आणि त्यानुसार स्थिर आकारही बदलेल, हे हिशेबात धरावे.

वीज घरच्याच मीटरवरून घ्यायची की स्वतंत्र मीटर मागायचा, हा निर्णय बिलाचा हिशेब मांडूनच करावा. घरच्या जोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करता येते आणि तिला घरगुती दरच लागतो. पण महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातो. महिन्याला २२० युनिटे वापरणाऱ्या घरात गाडीची १७० युनिटे मिळवली की त्यांतली ९० युनिटे थेट तिसऱ्या, बऱ्याच महाग टप्प्यात जाऊन पडतात. ई-वाहन चार्जिंगच्या वेगळ्या वर्गवारीत असे चढते टप्पे नाहीत, पण तिथे नव्या जोडणीचा खर्च आणि वेगळा स्थिर आकार येतो. त्यामुळे कमी वीज वापरणाऱ्या घराला जुना मीटर परवडू शकतो आणि आधीच ४०० युनिटांवर असलेल्या घराला नवा. केंद्र सरकारने वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत २०२४ साली केलेल्या दुरुस्तीमुळे गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची मुभा ग्राहकाला स्पष्टपणे मिळाली आहे. कार्यालयात कोणी 'अशी पद्धत नाही' म्हटले, तर नम्रपणे या दुरुस्तीचा उल्लेख करावा. गावाकडे शेतपंपाच्या जोडणीवरून गाडी चार्ज करण्याचा मोह मात्र टाळावा. ती सवलतीची वीज वेगळ्या कारणासाठी दिलेली असते.

सोसायटीत राहणाऱ्यांनी कमिटीला पत्र देताना केवळ 'चार्जर बसवण्यास परवानगी मिळावी' एवढेच लिहू नये. मीटर रूमपासून आपल्या पार्किंगपर्यंत केबल कोणत्या भिंतीवरून, किती उंचीवरून आणि कोणत्या पाइपातून जाईल याचे साधे रेखाचित्र, परवानाधारक विद्युत ठेकेदाराचे नाव, आणि खर्च व देखभाल स्वतःकडे असल्याचे निवेदन पत्रासोबत जोडावे. पार्किंग आपल्या नावे दिल्याचा कागदही लावावा, कारण ती जागा दरवर्षी फिरती असेल तर भिंतीत चार्जर ठोकण्यात अर्थ नाही. बहुतेक कमिट्यांचा विरोध आगीच्या भीतीतून आणि 'कॉमन लाइटच्या मीटरवरून वीज घेणार का?' या शंकेतून येतो. दोन्हींची उत्तरे पत्रातच दिली की सभेतला अर्धा वाद वाचतो. राज्याच्या २०२१ च्या ई-वाहन धोरणात नव्या निवासी प्रकल्पांतील काही पार्किंग जागा चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्याची तरतूद होती, तेव्हा इमारत नवी असल्यास पाइप आणि केबलची वाट बिल्डरने आधीच ठेवली आहे का, हे विचारावे. एकाच इमारतीत आठ-दहा जण रांगेत असतील, तर प्रत्येकाने आपापली केबल ओढण्यापेक्षा सर्वांनी मिळून इमारतीचा एकूण भार तपासून घेणे शहाणपणाचे.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे: वायर आणि अर्थिंग. गाडीसोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर १५-१६ अँपिअरच्या तीन पिनांच्या सॉकेटला लागतो, आणि घरात गिझरचा पॉइंट चालतो तर इथेही साधा मॉड्युलर सॉकेट चालेल, असे इलेक्ट्रिशियन सांगतो. गिझर वीस मिनिटांत बंद होतो, गाडी मात्र रात्रभर वीज ओढत राहते. सॉकेटची पकड थोडी जरी सैल असली तरी पिनेपाशी उष्णता साठते. आधी छिद्राभोवती चहाच्या डागासारखी तपकिरी कड उमटते, मग प्लास्टिक मऊ पडते आणि एके सकाळी प्लग उपटून काढावा लागतो. म्हणून या कामासाठी निळा इंडस्ट्रियल सॉकेट किंवा चांगल्या प्रतीचा मेटलक्लॅड (धातूच्या पेटीतला) सॉकेट घ्यावा, मीटरपासून त्याच्यासाठी स्वतंत्र वायर आणावी, आणि एक्स्टेन्शन बोर्ड कोणत्याही परिस्थितीत वापरू नये.

वायरची जाडी अंतरावर ठरते. ३२ अँपिअरसाठी ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल सर्रास सुचवली जाते आणि दहा-पंधरा मीटरपर्यंत ती ठीकही आहे. पण मीटर रूम पार्किंगपासून ५० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १०० मीटर वायरीत जवळपास १० व्होल्ट गळतात, आणि १० स्क्वेअर एमएम घेतल्यास ही घट सहा व्होल्टांच्या आत येते. फरकाचे पैसे एकदाच जातात, वाया जाणारी वीज रोजची असते. ३.३ किलोवॅटसाठी ४ स्क्वेअर एमएम आणि २० अँपिअरचा एमसीबी, तर ७.२ साठी ४० अँपिअरचा एमसीबी अशी जोडी साधारणपणे ठेवतात. त्यासोबत ३० मिलिअँपिअर गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) असलाच पाहिजे आणि तो 'ए' प्रकारचा असावा. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखण्याची सोय आहे का, हे विचारून घ्यावे. नसल्यास महागडा 'बी' प्रकार लागतो.

अर्थिंग तपासण्यासाठी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मल्टिमीटरने आपल्यासमोर मोजून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टांच्या आत असावे. जुन्या इमारतींत कोळसा आणि मीठ घातलेला अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षे कोणी पाहिलेला नसतो आणि उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. मग चार्जरवर लाल दिवा लागतो आणि गाडी चार्ज होत नाही. यावर काही कारागीर सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ जोडून दिवा हिरवा करून देतात. हे कदापि करू देऊ नये. न्यूट्रलची वायर कुठे तुटली, तर त्या जोडामुळे गाडीच्या पत्र्यात वीज उतरू शकते. नवा अर्थिंग पिट करून घेणे हाच यावरचा उपाय.

जागा ठरवताना पावसाळ्याची आठवण ठेवावी. तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी कुठवर चढते हे वॉचमनला विचारले की कळते. चार्जर त्या खुणेच्या बराच वर असावा. उघड्यावर बसवायचा असल्यास धूळ-पाणी रोखणाऱ्या निदान आयपी ५५ दर्जाचा घ्यावा आणि वर छोटे छप्पर करावे, कारण इथे उन्हानेही प्लास्टिक तडकते.

इतके झाल्यावर प्रत्यक्ष चार्जर निवडणे फारसे अवघड राहत नाही. भारतातल्या बहुतेक नव्या चारचाकींना टाइप-२ कनेक्टर चालतो. केबलची लांबी ठरवताना गाडीचे चार्जिंगचे तोंड कुठे आहे ते पाहावे. एमजी झेडएस ईव्हीचे ते पुढच्या जाळीत आहे, अनेक गाड्यांचे मागच्या बाजूला पेट्रोलच्या झाकणाच्या जागी असते. ॲपवर चालणाऱ्या चार्जरला तळघरात नेटवर्क मिळत नसेल, तर साधे कार्ड किंवा बटण असलेला बरा. प्रवाह १०, १६, ३२ अँपिअर असा कमी-जास्त करण्याची सोय मात्र अवश्य मागावी. व्होल्टेज पडते त्या रात्री ती उपयोगी येते.

दरपत्रक घेताना केबलची जात व लांबी, एमसीबी, आरसीसीबी, सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या अचानक झटक्यापासून वाचवणारे उपकरण) आणि अर्थिंग या बाबी वेगवेगळ्या लिहून मागाव्यात, आणि काम संपल्यावर ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट ताब्यात घेऊनच शेवटचा हप्ता द्यावा. पहिल्या रात्री गाडी लावून झोपी जाऊ नये; तासाभराने खाली जाऊन प्लग, एमसीबी आणि मीटरजवळची वायर हाताच्या पाठीने बाहेरून चाचपावी. किंचित कोमट लागणे ठीक, पण हात मागे घ्यावा लागला तर चार्जिंग थांबवून दुसऱ्या दिवशी त्याच ठेकेदाराला बोलावून सर्व जोड पुन्हा आवळून घ्यावेत.