चित्रपटावरची राइड प्राण्यांच्या उद्यानाला शोभते का, हे कसे पारखावे

फ्लोरिडातील ऑरलँडोजवळच्या डिस्नेच्या ‘ॲनिमल किंगडम’ या थीम पार्कबद्दल अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो: नव्याने येणारे सगळेच जर चित्रपटांवर बेतलेले असेल, तर हे उद्यान प्राण्यांचे राहील का? प्रश्न हवेतला नाही. उद्यानाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या ‘ट्री ऑफ लाइफ’ या कृत्रिम महावृक्षाच्या पोटातील नाट्यगृहात नोव्हेंबर २०२५ पासून ‘झूटोपिया’ या ॲनिमेशनपटावरचा खेळ दाखवला जातो. डायनोसॉरांचा जुना विभाग मोडून तेथे ‘ट्रॉपिकल अमेरिकाज’ नावाचा विभाग उभारला जात असून, ‘एन्कांटो’ हा ॲनिमेशनपट आणि साहसपटांचा नायक इंडियाना जोन्स यांच्यावरील राइडसह तो २०२७ मध्ये उघडेल, असे डिस्नेने जाहीर केले आहे. या प्रश्नावर लोक आवेशाने बाजू घेतात. परंतु बाजू घेण्याआधी राइड पारखायची कशी, हे फारसे कोणी सांगत नाही. मला हे उद्यान मनापासून आवडते, आणि म्हणूनच ही पारख थोड्या शिस्तीने व्हावी, असे वाटते.

सर्वप्रथम उद्यानाची ओळख नेमकी कोणती, हे ठरवून घ्यावे, कारण अर्धे वाद येथेच भरकटतात. हे प्राणिसंग्रहालय आहे असे धरून चालले, तर तेथील कोणतीही राइड उपरीच वाटणार. उद्यान २२ एप्रिल १९९८ रोजी, म्हणजे वसुंधरा दिनी उघडले, आणि त्या वेळच्या अर्पणफलकावर त्याचे वर्णन तीन प्रकारच्या प्राण्यांचे राज्य असे केलेले आहे: आज जिवंत असलेले, पूर्वी होऊन गेलेले आणि माणसाच्या कल्पनेत वावरणारे. सिंह, डायनोसॉर आणि ड्रॅगन ही तिन्ही नावे त्या मजकुरात येतात. काल्पनिक प्राण्यांसाठी योजलेला विभाग पुढे कधीच बांधला गेला नाही, पण उद्यानाच्या मूळ बोधचिन्हात ड्रॅगन मात्र राहिला. मुख्य रचनाकार जो रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तिहेरी आश्वासनाला एका सूत्रात ओवले होते: निसर्गाला स्वतःचे मोल असते, आणि ते माणसाला त्याचा काय उपयोग होतो यावर ठरत नाही. पारखायची ती राइड या सूत्राच्या कसोटीला लावावी. ‘हा प्राणी खरा नाही’ किंवा ‘हे ठिकाण खरे नाही’ हे आक्षेप येथे टिकत नाहीत, कारण उद्यानाने पहिल्या दिवसापासून कल्पनेला घरात घेतलेले आहे.

त्याचबरोबर ‘ही राइड चित्रपटावरची आहे का’ हा प्रश्नही बाजूला ठेवावा. तो सोपा आहे, पण त्याने काहीच कळत नाही. ज्या वृक्षाखालच्या नाट्यगृहात आज ‘झूटोपिया’ आहे, तेथे १९९८ पासून २०२५ पर्यंत ‘इट्स टफ टू बी अ बग’ हा खेळ चालला, आणि तोही पिक्सारच्या कीटकांवरील चित्रपटातल्या पात्रांचाच होता. गंमत म्हणजे खेळ एप्रिलमध्ये सुरू झाला आणि चित्रपट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आला. सिंहराजाच्या चित्रपटावरील संगीतखेळही उद्यानाइतकाच जुना आहे. ‘काउंटडाउन टू एक्स्टिंक्शन’ या नावाने सुरू झालेल्या डायनोसॉर राइडला २००० मध्ये त्या वर्षीच्या चित्रपटाचे नाव देण्यात आले. म्हणजे पूर्वी चित्रपट नव्हते आणि आता घुसले, ही तक्रार इतिहासाला धरून नाही. जुन्या आणि नव्यात खरा फरक दुसरीकडे आहे, आणि तो शोधण्यासाठी पुढची कसोटी लागते.

ही कसोटी म्हणजे नाव पुसून पाहणे. राइडमधून चित्रपटाचे नाव, पात्रांची नावे आणि ओळखीचे गाणे मनातल्या मनात काढून टाकावे, आणि मग उरलेल्या अनुभवात प्राणी मध्यभागी आहे की नाही, ते पाहावे. डायनोसॉर राइड या कसोटीला सहज उतरते, कारण नाव काढले तरी अंधारात अंगावर येणारा मांसभक्षक डायनोसॉर आणि एक संपूर्ण जीवसृष्टी संपवणारी उल्का शिल्लक राहतात. कीटकांचा खेळही उतरतो: पात्रांची नावे विसरली, तरी परागीभवन करणारे, घाण साफ करणारे आणि तरीही माणसाच्या चपलेखाली मरणारे जीव समोर असतातच. खेळ संपल्यावर ‘आधी किड्यांना बाहेर जाऊ द्या’ अशी सूचना व्हायची आणि आसनाखालून काहीतरी सरपटत गेल्याचा भास होऊन अख्खे नाट्यगृह किंचाळायचे. तेवढ्या क्षणापुरता का होईना, त्या जागेचा मालक कीटक होता.

हीच कसोटी २७ मे २०१७ रोजी उघडलेल्या ‘पँडोरा’ विभागाला लावली, तर निकाल अनेकांच्या अपेक्षेविरुद्ध लागतो. ‘अवतार’ चित्रपटावर हा विभाग येणार असे २०११ मध्ये जाहीर झाले, तेव्हा निळ्या रंगाच्या परग्रहवासीयांचा प्राण्यांशी काय संबंध, अशी ओरड झाली होती. प्रत्यक्षात तेथे चित्रपटातील नायक-नायिका जवळपास दिसतच नाहीत. माणसांच्या खाणकामाने ओरबाडली गेलेली आणि आता पुन्हा सावरत असलेली दरी दिसते. ‘फ्लाइट ऑफ पॅसेज’ या राइडमध्ये आपण मोटारसायकलीसारख्या आसनावर पुढे झुकून बसतो, आणि ज्या उडत्या प्राण्यावर आपण स्वार झालो आहोत, त्याचा श्वास मांड्यांच्या दोन्ही बाजूंना फुगताना आणि ओसरताना जाणवतो. उड्डाणाचा वेग मंदावतो तेव्हा हा श्वास विशेष जाणवतो. चित्रपट कधीही न पाहिलेल्या माणसालाही आपल्याखाली एक धडधडणारा जीव आहे, हे सांगावे लागत नाही. म्हणून माझ्या मते ‘पँडोरा’ या उद्यानात शोभते.

‘झूटोपिया’ मात्र या कसोटीला उतरत नाही, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. २०१६ चा हा चित्रपट उत्तम आहे, पण त्यातील सशाने पोलिसाचा गणवेश घातला आहे, कोल्हा भुरटी फसवाफसवी करतो, आणि कथा पूर्वग्रहांविषयी, म्हणजे माणसांच्या समाजाविषयी आहे. नावे पुसली, तर उरते ते शहर. शांघाय डिस्नेलँडमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये याच चित्रपटाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि तेथे तो बेमालूम बसला, कारण त्या उद्यानाने प्राण्यांविषयी काही वचन दिलेले नव्हते. तोच ऐवज १४५ फूट उंचीच्या आणि खोडावर तीनशेहून अधिक प्राणी कोरलेल्या वृक्षाखाली ठेवला की खटकतो. बाहेर मुळांतून डोके वर काढणारे कासव, सुसर, घोरपड असे जीव आपापल्या नैसर्गिक ठेवणीत पाहत यायचे आणि आत कपडे घातलेल्या नागरिकांचा उत्सव पाहायचा, हा सांधा जुळत नाही. म्हणून राइड पारखताना ती कोठे ठेवली आहे, याला ती कशावर आहे याइतकेच वजन द्यावे.

यानंतर रांगेकडे लक्ष द्यावे. राइड चार-पाच मिनिटांत संपते, रांगेत मात्र तास जाऊ शकतो, आणि रचनाकारांचे मन रांगेत उघडे पडते. या बाबतीत मापदंड म्हणून आशिया विभागातील ‘एक्सपिडिशन एव्हरेस्ट’ घ्यावी. २००६ मध्ये उघडलेल्या या राइडमागे कोणताही चित्रपट नाही. रांग आधी प्रवास कंपनीच्या कार्यालयातून, मग मंदिराच्या आवारातून, मग गिर्यारोहकांच्या दुकानातून आणि शेवटी यती म्हणजे हिममानवाच्या एका छोट्या संग्रहालयातून जाते. संग्रहालयात पावलांचे ठसे आहेत, उद्ध्वस्त छावणीचे अवशेष आहेत, आणि हा प्राणी पर्वताचा राखणदार आहे, असे स्थानिकांचे म्हणणे मांडलेले आहे. वाघोबाच्या ठाण्यापुढे हात जोडणाऱ्या मुलखातून गेलेल्या माणसाला ही भाषा लगेच उमगते: ज्याची भीती वाटते त्यालाच हद्दीचा रक्षक मानायचे. याच आशिया विभागातील ‘आनंदपूर’ या कल्पित राज्यात राजाच्या शिकारीच्या पडक्या महालात सुमात्रन वाघ फिरताना दिसतात, आणि ‘काली रिव्हर रॅपिड्स’मध्ये तराफा तोडलेल्या, जळत्या जंगलातून जातो. नव्या राइडच्या रांगेत उभे असताना एवढेच विचारावे की येथे भिंतीवरची चित्रे, वस्तू आणि पाट्या कोणत्या जिवाबद्दल काही सांगत आहेत, की केवळ पात्रांची घरे आणि सामान मांडून ठेवले आहे.

जिवंत प्राण्यांच्या सोयीचा विचार फार लांबवण्याची गरज नाही, कारण तेथे उद्यानाचे नियम कडक आहेत. सफारीचा परिसर सुमारे ११० एकरांचा आहे, प्राण्यांना त्रास होऊ नये म्हणून येथे आतषबाजी होत नाही, आणि प्लास्टिकच्या नळ्या वापरत नाहीत. नवी राइड हे नियम वाकवत असेल, तर ती कितीही सुंदर असली तरी नापास करावी.

याउलट एका गोष्टीकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही, आणि माझ्या लेखी ती सर्वांत महत्त्वाची आहे: नवे काय आले यापेक्षा त्यासाठी काय गेले, याचा हिशेब. कीटकांचा खेळ गेला, तेव्हा पृथ्वीवरील प्राण्यांच्या सर्वांत मोठ्या गटाला या उद्यानात असलेले हक्काचे व्यासपीठ गेले. डायनोसॉरांचा विभाग गेला, तेव्हा अर्पणफलकावरच्या तीन शब्दांपैकी एका शब्दाची जागाच गेली. लहान मुले जेथे वाळूत उकरून हाडे शोधत असत ते ‘बोनयार्ड’ही त्यात गेले, आणि एखादी जात कायमची नाहीशी होऊ शकते ही जाणीव मुलांना खेळता खेळता देणारे ठिकाण आता उरलेले नाही. येणारा विभाग कितीही देखणा झाला, तरी ही उणीव तो आपोआप भरून काढणार नाही. म्हणून एका वहीत दोन रकाने करावेत: गेलेल्या गोष्टीने कोणत्या प्राण्याबद्दल काय सांगितले, आणि आलेली गोष्ट कोणत्या प्राण्याबद्दल काय सांगते.

केलेला निर्णय काळ बदलवू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. येथील जुना पक्ष्यांचा खेळ २०१८ मध्ये ‘अप’ चित्रपटाची पात्रे घालून नव्याने सादर करण्यात आला. पक्षी तेच होते, पण त्यांच्या मध्ये विनोद करणारी माणसे येऊ लागली. २०२० मध्ये पात्रे काढून टाकून केवळ पक्षी आणि त्यांचे प्रशिक्षक यांचा खेळ सुरू झाला, आणि डोक्यावरून पंख फडफडवत जाणारा पक्षी पुन्हा एकटाच प्रेक्षकांचे लक्ष वेधू लागला. सफारीतही सुरुवातीला शिकाऱ्यांच्या पाठलागाची कथा होती. ती पुढे काढून टाकली, कारण समोर खरा हत्ती उभा असताना कथेकडे कोण लक्ष देणार? म्हणून पहिल्या महिन्यातच अंतिम निकाल देऊ नये. दोन-तीन वर्षांनी पुन्हा जावे आणि रकाने पुन्हा भरावेत.

येणाऱ्या दोन राइडसाठी काय पाहायचे, ते आताच ठरवून ठेवता येईल. ‘एन्कांटो’तील धाकटा अँटोनिओ प्राण्यांशी बोलू शकतो आणि त्याच्या खोलीत जणू अख्खे वर्षावन आहे, त्यामुळे राइडला तेथे शिरायला उत्तम दार आहे. जग्वार, टूकन, कॅपिबारा हे जीव आपापल्या वागणुकीसह दिसले तर राइड पास समजावी. ते केवळ गाण्यामागे ताल धरणारे सोबती ठरले तर नापास. इंडियाना जोन्सच्या बाबतीत मी अधिक साशंक आहे. मंदिरात दडलेल्या एका पौराणिक प्राण्याचा शोध, अशी त्याची कथा सांगितलेली आहे, आणि कल्पित प्राण्यांचे जुने आश्वासन त्यातून पाळले जाऊ शकते. पण नायकाची टोपी आणि चाबूक त्या प्राण्यापेक्षा जास्त वेळ दिसले, तर तो प्राणी केवळ निमित्त उरेल. घड्याळ लावून मोजले तरी चालेल.

प्रत्यक्ष भेटीच्या दिवशी सकाळी लवकर सफारी करावी, कारण त्या वेळी प्राणी अधिक हालचाल करतात, आणि तोच ताजा अनुभव मनात असताना नव्या राइडमध्ये बसावे. संध्याकाळी मुक्कामी परतल्यावर, जेवताना, मुलांना राइड कशी होती असे न विचारता, आज कोणते प्राणी भेटले ते आठवून सांगायला लावावे, आणि त्यांची यादी त्याच वहीत, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावी.