स्कँडिनेव्हियन घर करायचंय? आधी गच्ची पांढरी करा

सध्या ज्याच्या त्याच्या फोनमध्ये स्कँडिनेव्हियन, म्हणजे स्वीडन-नॉर्वे-डेन्मार्ककडच्या घरांचे तेच फोटो सेव्ह केलेले असतात. पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, खिडकीत एक झाड, सोफ्यावर मुद्दाम विस्कटून टाकलेली राखाडी चादर. इकडे नागपुरात धंतोली नाहीतर महाल-इतवारीतलं आजोबांच्या काळचं घर वाट्याला आलेलं असते, बजेट ठरलेलं असते, आणि इंटिरियरवाला ते फोटो पाहून म्हणतो की होऊन जाईल, जुनं सगळं काढून टाकू, फॉल्स सीलिंग करू, लाकडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स टाकू. थांबा बाप्पा. त्या फोटोतलं जे खरोखर कामाचं आहे ते तुमच्या जुन्या घरात बरंचसं आधीच आहे, फक्त ऑइल पेंटखाली, सनमायकाखाली आणि तीस वर्षांच्या सामानाखाली दबून राहिलं आहे.

ते लोक घरभर पांढरं काहून लावतात हे आधी पाहा. स्टॉकहोम ५९ अंश उत्तरेला, डिसेंबरात तिथला दिवस जेमतेम सहा तासांचा आणि भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून फार वर येत नाही, त्यामुळे खिडकीतून जो काही उजेड येईल तो भिंतींवरून फिरून घराच्या कोपऱ्यापर्यंत पोचावा म्हणून पांढरा रंग, म्हणून बिनपडद्याच्या खिडक्या, म्हणून फिकट लाकूड. नागपूर २१ अंशावर. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि पारा ४५ ला टेकतो. आपल्याला उजेडाची कमी नाही, उजेड आणि त्याच्यासोबत येणारी गरमी आवरायची आहे. तेव्हा त्यांचा विचार घ्या (हवा पाहून घर करणं, खरं साहित्य, मोजकं सामान, घरातल्या सगळ्यांना बसता येईल अशी जागा) आणि उत्तर आपलं काढा.

म्हणून पांढरा रंग पहिले गच्चीवर. उन्हाळ्यात सर्वात जास्त ऊन गच्चीच खाते आणि रात्रभर ती गरमी खालच्या खोलीत सोडत राहते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्ची घासून धुवा, भेगा भरून घ्या, मग विझवलेला चुना पातळ करून त्यात थोडं फेविकॉल मिसळून दोन-तीन हात मारा, एक हात आडवा एक उभा. चुना डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे लागतातच, आणि लेकरांना त्या दिवशी वर येऊ देऊ नका. पावसाळ्यात हा रंग धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागते, पण खर्चही तसाच कमी आहे. जास्त टिकणारा हवा असेल तर गच्चीसाठी मिळणारा उष्णता परतवणारा पांढरा पेंट आहे, तो महाग पडतो.

मग खिडक्या. पश्चिमेच्या खिडकीला आतून कितीही जाड पडदा लावा, ऊन एकदा काचेतून आत आलं की आलं, पडदाच तापून खोली तापवते. ऊन बाहेरच अडवायचं. सर्वात सोपी गोष्ट म्हणजे खिडकीच्या बाहेरून बांबूची चिक, आणि बांबूसाठी आपल्याला कुठे लांब जायचं काम नाही, चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू आहे, विणणारे बुरूड गावात आहेत, मापाप्रमाणे करून देतात. चिकेतून येणारा उजेड गाळलेला, मऊ असतो आणि खरं सांगायचं तर त्या फोटोतल्या उजेडाच्या सर्वात जवळचा नागपुरी उजेड हाच. जुन्या घरात लाकडी पट्ट्यांची दारं असलेल्या खिडक्या असतील तर त्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावायचा विचारही करू नका, सरकत्या खिडकीत अर्धी खिडकी कायम बंदच राहते. सकाळी नऊ-दहा वाजले की सगळं बंद करा, सूर्य बुडाला की सगळं उघडा, आणि वरची रोशनदानं साफ करून जाळी लावून चालू ठेवा, गरम हवा तिथूनच जाते. फॉल्स सीलिंगला माझा विरोध त्याचसाठी आहे, अकरा-बारा फुटांची उंची देवानं दिली आहे नं, मग ती झाकायला पैसे काहून द्यायचे? एका बेडरूममध्ये एसी लावणार असाल तर तेवढ्या खोलीचा विचार वेगळा करा.

आता कूलर. कुठल्याच विदेशी फोटोत कूलर नसतो आणि कुठलंच नागपूरचं घर त्याच्याशिवाय चालत नाही, त्यामुळे डेकोरेशन झाल्यावर कूलर कुठे बसवायचा हा प्रश्न मे महिन्यात येतो आणि मग सर्वात चांगली, सर्वात उजेडाची खिडकी थर्माकोल आणि पुठ्ठे लावून बंद होते. सुरुवातीलाच ठरवा. कूलर शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या, सावलीतल्या बाजूला, घराच्या बाहेर स्टँडवर, आणि त्याच्यासाठी खिडकी न अडवता भिंतीत किंवा खिडकीच्या खालच्या भागात मापाचं कायमचं भोक, त्याला सागवानाचंच एक झाकण, थंडीत बंद करता येईल असं. समोरच्या बाजूला हवा जायला वाट पाहिजे, नाहीतर घरात चिकचिक होते. कूलरच्या ताट्या वाळ्याच्या लावल्या तर घरभर जो वास येतो त्यापुढे त्यांच्या सेंटेड कँडल काहीच नाही. आणि टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण काढून घासा, डेंग्यूचे डास त्याच पाण्यात होतात.

भिंतींना हात लावण्याआधी प्लास्टर ओरबाडून पाहा. पांढरट, नखानं किंवा खिळ्यानं सहज खरडणारं असेल तर चुन्याचं, करडं आणि टणक असेल तर सिमेंटचं. जुनी चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंट आणि वरून प्लॅस्टिक पेंट मारला की ओल आत अडकते, पापुद्रे निघतात, आणि लोक म्हणतात घर जुनं झालं. जमिनीपासून दोन-तीन फूट ओल असेल तर आधी बाहेर पाहा, गच्चीचा पाइप भिंतीच्या बुडाशी सोडला आहे का, नाली फुटली आहे का, अंगणात भर टाकून टाकून बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा वर आली आहे का. ते दुरुस्त करा, खराब प्लास्टर काढून भिंत उघडी ठेवा आणि एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्या. आपल्या एप्रिल-मेसारखं ड्रायर जगात कुठे मिळणार! सुकल्यावर चुना-रेतीचं प्लास्टर आणि वरून चुन्याचाच रंग. त्यात नीळ टाकू नका, नीळ टाकली की भिंत थंड, दवाखान्यासारखी दिसते, त्याऐवजी चिमूटभर पेवडी टाका म्हणजे दुधाळ-पिवळसर छटा येते आणि दुपारच्या उन्हात डोळ्यावर येत नाही. सिमेंटची भिंत असेल तर साधा मॅट इमल्शन, अशाच उबदार पांढऱ्याचा. भिंत पाडून हॉल-किचन एक करायचा मोह सगळ्यांना होतो, जुन्या घरात त्या भिंतीवरच वरचा मजला उभा असतो, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक वीट काढू नका.

लाकडाबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार, कारण इथे आपण त्यांच्यापेक्षा श्रीमंत आहोत. त्यांच्याकडे पाइन आणि बर्च सहज मिळते म्हणून ते वापरतात, त्यात दुसरी काही तपश्चर्या नाही. आपल्याकडे सीपी टीक, म्हणजे जुन्या मध्य प्रांताचं सागवान, बल्लारशा-आलापल्लीकडचं. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये इथूनच लाकूड गेलं. आणि आपण काय करतो, जुन्या सागवानी चौकटी काढून भंगारात देतो आणि पॅकिंगच्या पाइनचं पॅलेट फर्निचर घरात आणतो, ज्याला वाळवी लवकर लागू शकते. उलट करा. घरातले दरवाजे, चौकटी, आजीचा दिवाण, फडताळ, आरामखुर्ची जे असेल ते एका खोलीत जमा करा आणि त्याच्यावरचा रंग काढा. कमी पडलं तर लकडगंजमध्ये जुनं सागवान विचारा, जुन्या घरांच्या तुळया-चौकटींचं लाकूड मुरलेलं असते, वाकत नाही.

रंग काढताना एक गोष्ट गंभीरपणे घ्या. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकते. आपल्याकडे घरगुती पेंटमधल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याच्या आधीच्या थरांचा भरवसा नाही. कोरडं घासू नका, बर्नरनं जाळू नका. पेंट रिमूव्हर लावून पत्रीनं खरडा, नंतर पाणी लावून ओला वॉटर पेपर मारा, मास्क घाला, कचरा पिशवीत बांधा आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घराबाहेर. लाकूड उघडं झालं आणि सुकलं की ८०, १२०, २२० नंबरचे सँडपेपर क्रमानं, रेषेच्या दिशेनं.

वरून मेलामाइन-पीयूची चकचकीत पॉलिश नको, तेल लावा. जवसाचं तेल. उत्तर युरोपात शेकडो वर्षांपासून लाकडाला हेच लावतात आणि विदर्भात जवस आपण चटणीत खातो, एवढाच फरक. हार्डवेअरमध्ये डबल बॉइल्ड लिन्सीड ऑइल मागा, खायचं कच्चं तेल सुकायला फार दिवस घेते. पहिला हात अर्धं टर्पेंटाइन मिसळून, पातळ, सुती फडक्यानं चोळून, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढायचं, पुसलं नाही तर चिकट राहते आणि आपली धूळ त्यावर बसली की झालं कल्याण. एक-दोन दिवसांनी दुसरा हात, मग तिसरा. आणि फडकी! तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, हे तेल सुकताना गरम होते आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकते, नागपूरच्या गरमीत तर जास्तच. दोरीवर पसरून सुकवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. तेलानं सागवान सोनेरी-तपकिरी होते, फोटोसारखं फिकट होत नाही. डेन्मार्कात ओक-बीचला साबणाचं पाणी लावून फिकट ठेवतात, सागवानाचा तो स्वभाव नाही, जबरदस्ती करू नका.

खुर्च्यांचंही तेच. हान्स वेगनर या डॅनिश डिझायनरची १९४९ ची एक खुर्ची जगभर गाजली, तिची बैठक कागदाच्या दोरीनं हातानं विणलेली आहे आणि किंमत विचारू नका. तुमच्या माळ्यावर बेतानं (वेतानं) विणलेल्या बैठकीची फाटलेली खुर्ची पडली असेल, बेत विणणारा शोधून ती भरून घ्या. गावाकडची बाज असेल तर तीही हॉलमध्ये येऊ द्या, नवी सुतळी किंवा नवार लावून, वर एक साधी गादी. गरमीत विणलेल्या बैठकीतून हवा खेळते, फोमच्या एल-शेप सोफ्यावर मेमध्ये कोण बसते हो?

फरशी शहाबादी, कोटा किंवा मोझॅक असेल तर मशीननं घासून घ्या, तिच्यावर व्हिट्रिफाइड टाइल्स चढवू नका, दरवाजे कापावे लागतात आणि पायाला मिळणारा थंडपणा जातो. लॅमिनेटचं लाकडी फ्लोअरिंग आपल्याकडे रोजच्या ओल्या पोछ्यानं कडांना फुगते. थंडीसाठी सतरंजी अंथरा, होळीला गुंडाळून ठेवा.

सामान कमी करणं हा सर्वात कठीण भाग, कारण एकत्र कुटुंबात प्रत्येक स्टीलच्या डब्यामागे एक माणूस उभा असतो. आईला फोटो दाखवून भांडे काढायला सांगू नका, भांडण होईल. सेवाग्रामला घेऊन जा, इथून शंभर किलोमीटरच्या आत आहे, बापू कुटी दाखवा. माती, बांबू, लाकूड, चटई आणि मोजक्या वस्तू, तिथे बसल्यावर गोष्ट आपोआप समजते. आणि सगळं डोळ्यासमोरून काढायचंच असं नाही, नागपूरच्या धुळीत उघडे शेल्फ म्हणजे रोजची झटक, त्यामुळे बंद दारांची कपाटं भरपूर ठेवा, गोदरेजचं जुनं कपाटही भिंतीच्याच रंगात रंगवलं की नजरेतून निघून जाते. दाराशी बसायला एक बाकडं, चपलांची जागा आणि खुंट्यांच्या दोन ओळी, एक मोठ्यांसाठी, एक लेकरांच्या हाताला येईल अशी. चपला दाराशी काढायची पद्धत स्वीडन-नॉर्वेतही आहेच, तेवढं तरी शिकवावं लागणार नाही.

रंगाला घाबरू नका. कार्ल आणि कारिन लार्सन या चित्रकार जोडप्याला सुंडबोर्नचं जुनं लाकडी घर १८८८ मध्ये कारिनच्या वडिलांकडून मिळालं आणि त्यांनी ते लाल, हिरव्या रंगांनी आणि कारिननं स्वतः विणलेल्या कापडांनी भरून टाकलं. स्वीडिश घर म्हटलं की आजही त्याचं नाव घेतात. त्यामुळे गांधीबागेतून जाड हातमागाचं कापड आणा, खादीचे पडदे शिवा, आजीच्या नऊवारीची गोधडी बाहेर काढा. राखाडी कुशनची आपल्याला काही गरज नाही.

दिवे मात्र त्यांच्याकडून शिकावे. छताच्या मध्यभागी एक पांढरी ट्यूब आणि सगळं घर फिकं, ही आपली सवय मोडा. पॉल हेनिंगसेन या डॅनिश डिझायनरनं १९२० च्या दशकात जे दिवे केले त्यामागे विचार एवढाच की बल्ब डोळ्याला थेट दिसू नये. एका खोलीत तीन-चार छोटे झाकलेले दिवे, बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला किंवा त्याखाली, २७०० केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे. अभ्यासाच्या टेबलावर आणि ओट्यावर वेगळा पांढरा राहू द्या.

वायरिंग आणि अर्थिंग सगळ्यात आधी बदला, तीस मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवा, नवीन रंगावर घळई पाडण्यात अर्थ नाही. ओल पावसाळ्यात पाहून खुणा करून ठेवा, बाहेरची दुरुस्ती दिवाळीनंतर, लाकडाला तेल जानेवारी-फेब्रुवारीत, गच्चीला चुना मार्चमध्ये, भिंती उन्हाळाभर सुकू द्या आणि आतला रंग पावसाळ्यानंतर. सुतार आणि पॉलिशवाला लग्नसराईत हाताला लागत नाहीत, त्यांना दिवाळीतच ॲडव्हान्स देऊन तारीख घेऊन ठेवा.