वुहानला निघताना: व्हिसा, चटणी आणि दोन नद्या

घरच्यांना कधी आणि कसं सांगायचं, ते आधी ठरवा. "वुहानला चाललोय" म्हटलं की समोरचा नकळत मागे सरकतो आणि विचारतो, "तेच वुहान?" हो, तेच. २३ जानेवारी ते ८ एप्रिल २०२०, असे ७६ दिवस ते कोरोनामुळे बंद होतं, आणि तिथे डॉक्टरकी शिकणारी आपली पोरं फेब्रुवारीच्या पहिल्या दोन दिवसांत एअर इंडियाच्या विमानांनी दिल्लीला आणली गेली. माझ्या आत्याला हे सगळं नीट समजावून सांगितलं. शहरात सव्वा कोटीहून जास्त माणसं राहतात, रोज कामावर जातात, हेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि बॅगेत सॅनिटायझरच्या दोन बाटल्या कोंबल्या. त्या तशाच परत आल्या.

मग व्हिसा. तिकीट त्यानंतर. "चीनमध्ये दहा दिवस व्हिसाशिवाय" असे व्हिडिओ फिरत असतात. त्या सवलतीच्या यादीत भारतीय पासपोर्ट नाही, तेव्हा त्यांच्या नादी लागू नका. हॉटेल घेताना परदेशी पाहुणे घेतात का, हे चिनी भाषेत लिहून विचारा आणि उत्तराचा फोटो काढून ठेवा. प्रत्येक परदेशी माणसाची पोलिसांकडे नोंद करावी लागते, आणि लहान हॉटेलवाले त्या कटकटीत पडायला नाखूश असतात. मला रात्री साडेदहाला एका काउंटरवरच्या मुलीने अगदी गोड हसून नाही म्हटलं होतं. ओळखीच्या घरी उतरणार असाल तर चोवीस तासांत जवळच्या पोलीस चौकीत नोंद करायची असते. आणि पासपोर्ट खिशात हवा, हॉटेलच्या तिजोरीत नव्हे. रेल्वेचं तिकीट त्याच्यावरच निघतं, संग्रहालयात नाव नोंदवायलाही तोच लागतो.

फोनची तयारी घरी बसून करा, आणि त्याला एक अख्खी संध्याकाळ द्या. तिथे यूपीआय चालत नाही. भाजीवालीपासून मेट्रोपर्यंत सगळा व्यवहार अलीपे किंवा वीचॅटवर. आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड त्यांना जोडता येतं, पण आधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करावे लागतात. खरी मेख ओटीपीची आहे. तो आपल्या भारतीय नंबरवर येतो, म्हणून रोमिंग चालू असलेलं सिम फोनमध्येच राहू द्या. रोमिंगचा दुसरा फायदा म्हणजे व्हॉट्सॲप आणि गूगल चालतात. हॉटेलच्या वायफायवर ते अडवलेले असतात. भाषांतराचं ॲप चिनी भाषा उतरवून घेऊन तयार ठेवा. पॉवर बँकवर चीनचा थ्रीसी हा सुरक्षेचा शिक्का नसेल तर जून २०२५ पासून तिथल्या देशांतर्गत विमानांत ती नेऊ देत नाहीत. शांघाय किंवा ग्वांगझौला उतरून पुढे विमानाने वुहानला जाणार असाल, तर ती घरीच ठेवलेली बरी. थोड्या सुट्ट्या नोटा बाळगा. आपल्या गोल पिनांसाठी ॲडाप्टर घ्या. टिशूची पाकिटं घ्या, सार्वजनिक स्वच्छतागृहात कागद असेलच असं नाही. पाण्याला थर्मासची बाटली न्या, कारण गरम पाणी स्टेशनवर, संग्रहालयात, सगळीकडे फुकट मिळतं. थंड पाणी मागितलंत तर मात्र लोक काळजीने बघतात.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. वुहान चीनच्या 'भट्टी' शहरांपैकी एक, जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. जून-जुलैत आलुबुखार पिकायच्या सुमारास तिथला पाऊस लागतो आणि नदी फुगते. हिवाळा दमट, हाडांत शिरणारा. मार्चचा शेवट ते एप्रिल, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. मार्चमध्ये वुहान विद्यापीठात चेरी फुलते आणि गर्दी आवरायला आगाऊ नोंदणी ठेवतात. तिथली पहिली झाडं १९३९ मध्ये जपानच्या कब्जेदार फौजेने लावली. फुलांखाली उभं राहून फोटो काढताना हे आठवलं की जरा विचित्र वाटतं.

आता खाणं. सातारा-कराडकडची मंडळी भेट म्हणून कंदी पेढे घ्यायला निघतील. घेऊ नका. दुधाचे पदार्थ, मांस, ताजी फळं, बिया, हे सामानातून न्यायला चीनमध्ये बंदी आहे. सोलापुरी शेंगदाण्याची चटणी, कंपनीचं सीलबंद पाकीट, एवढं माझ्यासोबत दोन्ही वेळा गेलं. तिकडे तिची खरी गरज सकाळी पडत नाही, कारण सकाळ हीच वुहानची खाण्याची वेळ. न्याहारीला तिथले लोक 'ग्वोझाव' म्हणतात, म्हणजे 'सकाळ ओलांडणं', आणि ती चालता चालता, बसथांब्यावर, कागदी वाटीतून खातात. वाटीत असतात 'रगानम्येन', गरम कोरड्या शेवया. शेवया आधी उकडून, तेल चोळून, पंख्याखाली गार करून ठेवलेल्या असतात. बाई जाळीच्या चमच्यात एक मूठ घेते, उकळत्या पाण्यात पंधरा-वीस सेकंद बुचकळते, झटकते, वाटीत पालथी करते, वर तिळाचा दाट कूट, लोणच्यातला मुळा, कांद्याची पात. आपण लगेच ढवळायचं. दोन मिनिटं थांबलात तर तीळ घट्ट होतो आणि काड्या त्यात रुतून बसतात. शाकाहारी असाल तर आधीच सांगा, कारण वरून मांसाच्या रश्शाचा एखादा डाव पडू शकतो. 'वो छ सू', मी शाकाहारी आहे, हे पाठ करा आणि चिनी अक्षरांत लिहिलेला कागदही ठेवा. माझे उच्चार ऐकून तीन जणांनी मला तीन वेगवेगळे पदार्थ दिले आहेत. त्याच गल्लीत तांदूळ-सोयाबीनच्या पिठाचे मध्ये पातळ, कडेला फुगीर, पात घातलेले वडे तळत असतात, 'म्येनवो'. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी मोठ्याने "मेदूवडा!" म्हणालो. चव मात्र निराळी, आणि सोबत चटणी नाही. इथे सोलापूर कामाला आलं.

भेटवस्तूचं पेढ्यांनी अडलं ते सोलापुरानेच सोडवलं. चादर न्या. लाल कागदात बांधा, दोन्ही हातांनी द्या. घड्याळ कुणाला देऊ नका. 'घड्याळ देणे' आणि 'शेवटचा निरोप देणे' यांचा चिनीत उच्चार एकच.

सोलापूरचं नाव दोनदा आलंच आहे, तर निघण्याआधी करायचं आणखी एक काम. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या सोलापुरातल्या घरात त्यांचं स्मारक आहे, ते बघून या. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने निघालेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात दोघे आपल्याकडचे होते, सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. ते हानकौला पोहोचले तेव्हा जपानी फौजा जवळ येत होत्या. ऑक्टोबरात शहर पडलं आणि पथक नदीने वर यिचांगकडे, तिथून चुंगकिंगला सरकलं. हानकौ म्हणजे आजच्या वुहानचा वायव्येकडचा भाग. कोटणीसांचं तिकडचं स्मारक मात्र वुहानमध्ये शोधत बसू नका, ते उत्तरेत शिजियाझुआंगला आहे. हानकौत फक्त नदीकाठ आहे. तिथून बोटी सुटत, एवढं माहीत असलं तरी काठावर उभं राहायला वेगळं वाटतं. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. बरोबर एका वर्षाने, १० ऑक्टोबर १९११ ला, समोरच्या वुचांगमध्ये सैनिकांनी उठाव केला आणि चीनची राजेशाही संपायला सुरुवात झाली. उठावाची लाल विटांची इमारत आजही बघता येते.

गृहपाठाचा दुसरा भाग भगिनी-शहरांचा. ही यादी कंटाळवाणी असते असं मलाही वाटायचं. महापौर, करार, हस्तांदोलन, संपलं. पण वुहानची यादी नकाशा घेऊन वाचा. १९७९ मध्ये जपानचं ओइता. १९८२ मध्ये अमेरिकेतलं पिट्सबर्ग आणि जर्मनीतलं ड्यूसबुर्ग. चिनी आणि जर्मन शहरांतलं हे पहिलं नातं. तिन्ही पोलादाची शहरं. सत्तरच्या दशकात वुहानच्या पोलाद कारखान्यासाठी जपान आणि पश्चिम जर्मनीतून रोलिंग मिल आल्या, माणसं शिकायला गेली-आली, आणि ओळख त्यातून वाढली. मी स्वतः फाउंड्रीच्या धंद्यातला, त्यामुळे हे वाचून बरं वाटलं, आमच्या कामाने कुठेतरी सोयरीक जमली म्हणायची. पुढे बघा. पिट्सबर्गला दोन नद्या मिळून ओहायो होते. ड्यूसबुर्गला रूर ऱ्हाइनला मिळते. १९९५ मध्ये जोडलेल्या खार्तूमला निळी आणि पांढरी नाईल भेटतात. आणि वुहानला हान नदी यांगत्सेला. यादी करताना कुणी संगम मोजत बसलं नसेल, पण मी कराडचा, मला तेच दिसणार. आमच्याकडे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, म्हणून तो प्रीतिसंगम. वुहानचा अजून महाराष्ट्रातल्या कुठल्या गावाशी असा करार नाही. मुंबईचा शांघायशी आहे, औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, लेण्यांच्या नात्याने दुनहुआंगशी. कराडचं नाव मी सुचवून ठेवतो. ओइताने २०२० च्या जानेवारीत वुहानला मास्क पाठवले, तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या कागदाचा उपयोग झाला.

बघायच्या जागा ठरवताना नदी मध्ये ठेवा. वुचांग, हानकौ आणि हानयांग ही तीन गावं १९२७ मध्ये एकत्र करून वुहान झालं, आणि आजही रिक्षावाल्याला 'वुहान' सांगून उपयोग नाही, कुठलं गाव ते सांगावं लागतं. एक दिवस एका काठाला द्या. सोमवारी हुबेई प्रांतिक संग्रहालय बंद असतं, तेव्हा दिवस त्याभोवती लावा. प्रवेश फुकट, नोंदणी आगाऊ. तिथे झेंग राज्याच्या यी नावाच्या सरदाराच्या थडग्यातल्या ६५ काशाच्या घंटा आहेत, इसवी सनपूर्व ४३३ च्या सुमाराच्या, १९७८ मध्ये खणून काढलेल्या, मिळून अडीच टनांच्या. प्रत्येक घंटेतून दोन सूर निघतात, मध्यभागी ठोकली तर एक, बाजूला ठोकली तर दुसरा. हे साधतं कारण तोंड गोल नसून बदामासारखं चपटं आहे. ओतकाम करणाऱ्या माणसाने इथे तास काढावा. भिंतीची जाडी किती सांभाळली असेल, साचा कसा फोडला असेल, हेच डोक्यात फिरत राहतं. प्रतिकृतींवर वादन होतं, त्याची वेळ आत शिरताच विचारा. एप्रिल २०१८ मध्ये मोदी आणि शी जिनपिंग यांची भेट झाली तीही याच संग्रहालयात आणि जवळच्या पूर्व सरोवराच्या काठी. सरोवर सुमारे ३३ चौरस किलोमीटर आहे, पायी संपवायच्या भानगडीत पडू नका, सायकल घ्या.

पिवळ्या करकोच्याच्या मनोऱ्यावर सगळेच जातात. जा, पण तो १९८५ चा सिमेंटचा आहे आणि आत लिफ्ट आहे हे माहीत असू द्या. जुना १८८४ मध्ये जळाला, आणि पुढे त्याच्या जागेवर यांगत्सेवरच्या पहिल्या पुलाचं टोक आलं. मला पूल जास्त आवडला. १९५७ चा, १,६७० मीटर, वर गाड्या, खाली रेल्वे. मालगाडी खालून गेली की कठड्यावर ठेवलेला हात थरथरतो.

मेट्रो नदीखालून काही मिनिटांत पलीकडे नेते. तरी एकदा वुचांगच्या झोंगहुआ रस्त्याच्या धक्क्यावरून हानकौच्या जुन्या कस्टम हाउसपर्यंत फेरीबोटीने या. मी गेलो तेव्हा तिकीट दीड युआन होतं. सायकली टेकवून उभी असलेली कामकरी माणसं, डब्यातून सूर्यफुलाच्या बिया सोलणाऱ्या आज्या, आणि समोरून हळूहळू मोठं होत येणारं १९२४ चं घड्याळ. हेच ते हानकौ, जिथे ब्रिटिश, रशियन, फ्रेंच, जर्मन आणि जपानी, पाच जणांनी आपापल्या वसाहतींचे तुकडे पाडले होते. संगम बघायला हानयांगच्या टोकाला, नानआनझुईला जा. पाऊस नसेल तर हानचं हिरवट पाणी आणि यांगत्सेचं मातकट पाणी बराच वेळ शेजारून वाहताना दिसतं. मी तिथे घरी व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणाली, "आपल्यापेक्षा रुंद आहे की रे," आणि मग, "देऊळ कुठाय?"

परतीची तयारी तिकिटापासून. शहरात मोठी स्टेशनं तीन आहेत, वुहान, हानकौ आणि वुचांग, एकमेकांपासून लांब, हानकौ यांगत्सेच्या एका बाजूला आणि बाकी दोन दुसऱ्या. मी 'वुहान स्टेशन' असं सांगून टॅक्सीत बसलो, छान गप्पा मारत पोहोचलो, फाटकावर पासपोर्ट ठेवला आणि लाल दिवा लागला. माझी गाडी वुचांगहून होती, सुटायला अठरा मिनिटं होती. तेव्हा हॉटेलमधून बाहेर पडण्याआधी तिकिटावरची पहिली दोन अक्षरं काउंटरवरच्या माणसाला दाखवा आणि टॅक्सीवाल्याला त्यालाच सांगू द्या.