खेळाडू ते प्रशिक्षक : अलिऊ सिसे यांच्यावर व्याख्यान कसे तयार करावे

इंदूरच्या मराठी मंडळात खेळावर बोलायचे म्हटले की होळकर संघ आणि कर्नल सी. के. नायडू यांच्यापासून सुरुवात होते आणि ते स्वाभाविकच आहे. त्याच श्रोत्यांपुढे सेनेगलच्या एका फुटबॉलपटूवर अर्धा तास बोलायचे असेल, तर क्लबांची यादी वाचून दाखवू नये. लील, पॅरिस सेंट-जर्मेन, बर्मिंगहॅम, पोर्ट्समथ ही नावे एका वाक्यात उरकावीत. मात्र सिसे बचावफळीच्या पुढे उभे राहून प्रतिपक्षाचे आक्रमण मोडणारे खेळाडू होते, हे समजावून सांगायला वेळ द्यावा, कारण प्रशिक्षक म्हणूनही त्यांनी संघाचा बचाव आधी भक्कम केला.

तयारीची सुरुवात सनावळीपासून करावी. आफ्रिकन राष्ट्रचषकाच्या नावातील वर्ष आणि सामने झाले ते वर्ष नेहमी एकच असते असे नाही. 2021 चा म्हणून ओळखला जाणारा चषक कॅमेरूनमध्ये जानेवारी-फेब्रुवारी 2022 मध्ये खेळला गेला, आणि ही नोंद चुकली तर पुढचा सगळा हिशेब एका वर्षाने घसरतो.

व्याख्यानाचा गाभा आफ्रिकन राष्ट्रचषकाच्या दोन अंतिम सामन्यांत आहे आणि निम्मा वेळ त्यांनाच द्यावा. फेब्रुवारी 2002 मध्ये मालीतील बामाको येथे कॅमेरूनविरुद्धचा सामना गोलशून्य राहिला, निकाल पेनल्टींवर गेला आणि कर्णधार सिसे यांची शेवटची पेनल्टी गोलरक्षकाने अडवली. त्याच वर्षी 31 मे रोजी सोल येथे त्यांच्या नेतृत्वाखाली सेनेगलने विश्वविजेत्या फ्रान्सला 1-0 असे हरवले, हेही सांगावे, म्हणजे अपयशाची गोष्ट एकांगी राहणार नाही. 6 फेब्रुवारी 2022 रोजी, सिसे प्रशिक्षक असताना, कॅमेरूनमधील यावुंदे येथे इजिप्तविरुद्धचा अंतिम सामनाही गोलशून्य राहून पेनल्टींवर गेला. सातव्याच मिनिटाला पेनल्टी वाया घालवलेल्या सादियो माने यांनीच निर्णायक पेनल्टी मारली आणि सेनेगलला पहिले विजेतेपद मिळाले. ज्या प्रशिक्षकाने स्वतः तो क्षण भोगला होता, त्याच्या संघात ही जबाबदारी पुन्हा माने यांच्याकडे आली, हे श्रोत्यांच्या मनावर ठसले पाहिजे.

या दोन तारखांमधली वीस वर्षे वगळू नयेत; माझ्या मते बहुतेक वक्ते इथेच घाई करतात. निवृत्तीनंतर सिसे थेट राष्ट्रीय संघाकडे गेले नाहीत. आधी 23 वर्षांखालील संघाबरोबर त्यांनी काम केले आणि 2015 मध्ये मुख्य संघाची सूत्रे घेतली. 2018 च्या विश्वचषकात गटात जपानशी गुण आणि गोल दोन्हींत बरोबरी होऊनही सेनेगल बाहेर पडले, कारण त्यांना मिळालेली पिवळी कार्डे अधिक होती. 2019 च्या आफ्रिकन राष्ट्रचषकाचा अंतिम सामनाही सेनेगलविरुद्ध अल्जीरियाने जिंकला. इतक्या पराभवांनंतरही प्रशिक्षक बदलला गेला नाही, या निर्णयावर थांबून बोलावे.

शेवटी प्रश्नांसाठी दहा मिनिटे राखावीत. चिमणबागेच्या मैदानावर मुलांना खेळवणारे पालक सभेत असतील, तर प्रशिक्षक होण्याचा मार्ग विचारला जाईल. खेळाडू म्हणून मिळवलेले नाव त्यासाठी पुरेसे नसते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्राथमिक परवान्यांपासून सुरुवात करून पुढे आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि प्रो हे टप्पे क्रमाने पार करावे लागतात, असे उत्तर द्यावे.