फँटसी गेममधील सोबत्यांचा पुरेपूर उपयोग कसा करावा

फँटसी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे रोजच्या बोलण्यातले आरपीजी, पुण्यात आता इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांपुरते राहिलेले नाहीत. हिंजवडीहून रात्री उशिरा कोथरूडला परतणारी नोकरदार मंडळी आणि परीक्षा आटोपून मोकळी झालेली मुले सारख्याच आस्थेने ते खेळतात. या खेळाडूंशी बोलताना मात्र एक गोष्ट वारंवार जाणवते. आपल्या नायकाची तलवार कोणती, चिलखत कोणते, हे त्यांना तोंडपाठ असते. नायकाबरोबर फिरणाऱ्या गेममधील पात्रांविषयी, म्हणजे सोबत्यांविषयी विचारले, की ‘तो सामान उचलतो’ किंवा ‘ती बरे करते’ यापलीकडे फारसे सांगता येत नाही. हे मला मनापासून खटकते, कारण अशा गेमचे निम्मे लेखन आणि लढाईतील निम्मी ताकद सोबत्यांच्याच ठायी असते, आणि ती बहुतेकांच्या हातून वाया जाते.

हा लेख मुख्यतः लॅरियन स्टुडिओजच्या ‘बाल्डर्स गेट 3’ या ऑगस्ट 2023 मध्ये आलेल्या गेमच्या आधारे लिहिला आहे. जिथे पद्धत वेगळी आहे तिथे ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ (2009) आणि ‘स्कायरिम’ (2011) यांचाही उल्लेख येईल. कथेतील मोठी रहस्ये फोडण्याचे कटाक्षाने टाळले आहे.

पहिली पायरी: चौघांची निवड

‘बाल्डर्स गेट 3’ मध्ये एका वेळी चौघेच फिरू शकतात. म्हणजे तुम्ही आणि तीन सोबती. बाकीचे तळावर थांबतात. तळावर थांबलेला सोबती मागे पडेल या भीतीने बरेच जण पहिल्या तिघांनाच शेवटपर्यंत धरून बसतात, परंतु ही भीती निराधार आहे. तळावरच्या सोबत्यांची लेव्हल म्हणजे अनुभवाची पातळीही तुमच्याबरोबरच वाढते, त्यामुळे कामाप्रमाणे माणसे बदलण्यात काहीही तोटा नाही.

निवड करताना कोण जास्त आवडते यापेक्षा कोणते काम कोणाकडे जाणार, हा प्रश्न आधी विचारावा. पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिका बसवणाऱ्या संघात सगळेच उत्तम नट असले आणि प्रकाशयोजना सांभाळायला कोणीच नसले, तर प्रयोगाचे जे होईल तेच चार तलवारबाजांच्या पार्टीचे, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या चमूचे होते. पुढे उभे राहून मार झेलणारा एक, कुलपे आणि सापळे उघडणारा एक, दुरून जादू करणारा एक आणि जखमींना उभे करणारा एक, ही किमान वाटणी होय. लेझेल आणि कार्लाक या पुढच्या फळीच्या, अ‍ॅस्टेरियन कुलपांचा, गेल जादूचा आणि शॅडोहार्ट उपचारांची, अशी सुरुवात करता येते. तुमचा स्वतःचा नायक यांपैकी एखादे काम करत असेल, तर त्या जागी वेगळ्या गुणाचा सोबती घ्यावा.

मिळालेला सोबती जसा आहे तसाच वापरला पाहिजे, असेही नाही. विदर्स नावाचे पात्र तळावर येते आणि 100 सोन्याच्या नाण्यांत कोणत्याही सोबत्याचा क्लास (लढवय्या, जादूगार असा पेशा) पूर्ण बदलून देते. शॅडोहार्ट सुरुवातीला ‘ट्रिकरी’ डोमेनची (उपप्रकाराची) क्लेरिक, म्हणजे देवतेच्या शक्तीने जादू करणारी असते आणि लढाईच्या दृष्टीने तो प्रकार, माझ्या मते, तिच्या वाट्याला येणाऱ्या कामासाठी दुबळा आहे. तिला ‘लाइफ’ किंवा ‘लाइट’ डोमेन दिल्यास पहिल्या अंकातच फरक दिसतो. कथेतील तिचे बोलणे आणि स्वभाव मात्र तसेच राहतात, म्हणून हा बदल करताना मन कचरण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी: लढाईत प्रत्येकाची पाळी नीट वापरणे

इथे सर्वांत जास्त नुकसान होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शॅडोहार्टच्या ‘ब्लेस’ या स्पेलचे, म्हणजे जादूच्या मंत्राचे उदाहरण घेऊ. पहिल्याच लेव्हलला मिळणारा हा स्पेल तीन साथीदारांवर टाकता येतो आणि दहा पाळ्या टिकतो. त्या काळात त्यांच्या प्रत्येक हल्ल्यात आणि बचावाच्या प्रत्येक फाशात चार बाजूंच्या फाशाची भर पडते. सरासरी भर अडीचची. हल्ला लागतो की नाही हे वीस बाजूंच्या फाशावर ठरत असल्याने याचा अर्थ असा, की शंभर हल्ल्यांमागे साधारण बारा-तेरा हल्ले जास्त लागतात, आणि हे तिघांच्याही बाबतीत घडते. आकडा लहान वाटतो. पण लांबलेल्या लढाईत एखाद्या जोरदार आगीच्या गोळ्यापेक्षा याचा हिशेब बऱ्याचदा सरस ठरतो.

हा स्पेल ‘कॉन्सन्ट्रेशन’ प्रकारचा, म्हणजे टाकणाऱ्याचे लक्ष टिकून असेपर्यंतच चालणारा आहे, आणि एका व्यक्तीला असा एकच स्पेल एका वेळी चालू ठेवता येतो. ब्लेस चालू असताना शॅडोहार्टने ‘शील्ड ऑफ फेथ’ टाकला, की ब्लेस त्याच क्षणी संपतो. अगदी ‘गायडन्स’सारखा किरकोळ स्पेलही कॉन्सन्ट्रेशनचा असल्याने ब्लेस मोडतो. शिवाय तिला मार बसला, की तिला कॉन्स्टिट्यूशनचा (शारीरिक दमाच्या गुणाचा) फासा टाकावा लागतो. त्यासाठी लागणारा आकडा 10 किंवा बसलेल्या माराच्या निम्मा, यांपैकी जो मोठा असेल तो. म्हणजे 24 चा मार बसला, तर 12 गाठावे लागतात. यावरून तिला कुठे उभे करायचे हे आपोआप ठरते: लेझेल किंवा कार्लाक दारात, शॅडोहार्ट त्यांच्या मागे भिंतीच्या आडोशाला. चौथ्या लेव्हलला तिला ‘वॉर कास्टर’ हे फीट (खास कौशल्य) दिले, तर कॉन्सन्ट्रेशन टिकवण्याचा फासा दोनदा पडतो आणि त्यांतला चांगला धरला जातो. ज्या सोबत्याचे काम स्पेल टिकवून धरण्याचे आहे, त्याच्यासाठी हे फीट घेण्याचा मी आग्रहच धरीन.

उपचारांच्या बाबतीत नव्या खेळाडूंची समजूत बहुधा उलटी असते. दर पाळीला थोडे थोडे बरे करत बसल्याने लढाई जिंकली जात नाही, कारण शत्रूचा मार उपचारापेक्षा बहुधा जास्त असतो. साथीदार कोसळल्यावर त्याला चटकन उभे करणे अधिक फायद्याचे ठरते. ‘हीलिंग वर्ड’ हा स्पेल दुरून टाकता येतो आणि त्यासाठी केवळ पाळीतली जास्तीची छोटी कृती, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन लागते, म्हणून शॅडोहार्टची मुख्य अ‍ॅक्शन हल्ल्यासाठी मोकळी राहते. ‘क्युअर वूंड्स’ जास्त बरे करतो, पण त्यासाठी जवळ जावे लागते आणि मुख्य अ‍ॅक्शन खर्ची पडते. स्पेल उरलेले नसतील, तर औषधाची बाटली साथीदारांच्या पायाशी फेकावी. ती फुटली, की आसपासचे सगळे बरे होतात. काहीच उरले नसेल, तेव्हा ‘हेल्प’ अ‍ॅक्शनने कोसळलेल्याला एका हिट पॉइंटवर का होईना, पण उभे करता येते. कोसळलेल्या सोबत्याला मृत्यूपासून वाचण्याचे फासे टाकावे लागतात. तीन फासे फसले, की तो मरतो, आणि पडलेला असताना बसलेला मारही अपयशच मोजला जातो. त्यामुळे त्याच्याशेजारी शत्रू उभा असेल, तर त्याला उचलणे पुढच्या पाळीवर ढकलू नये.

सोबती एरवी साखळीने नायकामागे चालतात; लढाई सुरू होण्याआधी पडद्यावरची त्यांची चित्रे, म्हणजे पोर्ट्रेट ओढून ही साखळी सोडवण्याची सवय लावून घ्यावी. चौघे एका रांगेत चालत शत्रूच्या पुढ्यात गेले, की जादूगारही पहिल्याच पाळीत मार खातो. साखळी सोडवून गेलला आणि अ‍ॅस्टेरियनला आधीच उंच जागी चढवावे, कारण उंचावरून केलेल्या दूरच्या हल्ल्याला दोनचा अधिक लाभ मिळतो. मग पुढच्या फळीने दाराने प्रवेश करावा.

तिसरी पायरी: बोलणी योग्य माणसाकडून

संवादातला फासा ज्याने बोलणे सुरू केले त्याच्या गुणांवर पडतो. नायक मितभाषी लढवय्या असेल, तर मन वळवण्याचे काम विलसारख्या करिष्मा (छाप पाडण्याचा गुण) चांगला असलेल्या सोबत्याकडे द्यावे; शत्रुपक्षाशी बोलायला जाताना त्याला आधी निवडून मगच पुढे पाठवावे. फासा टाकण्याच्या पडद्यावर शॅडोहार्टचा गायडन्स जोडता येतो आणि त्याने चार बाजूंच्या फाशाची भर पडते. तो न वापरण्याचे काहीच कारण नसते, फक्त वर सांगितलेली कॉन्सन्ट्रेशनची अट ध्यानात असू द्यावी.

चौथी पायरी: विश्रांती घेणे

साधारण काठिण्यपातळीवर पूर्ण विश्रांतीसाठी तळावरच्या शिधासामग्रीचे 40 पॉइंट लागतात, आणि खेळाडू ही सामग्री अशी साठवतात, की जणू पुढे दुष्काळ पडणार आहे. कथेत सुरुवातीपासून घाईचे वातावरण असल्यामुळे विश्रांती घेतली तर उशीर होईल, असेही वाटते. प्रत्यक्षात गेम एकूण किती रात्री गेल्या याचा कडक हिशेब ठेवत नाही. काही मोजक्या जागी, उदाहरणार्थ आग लागलेल्या सराईत माणसे अडकलेली दिसत असताना, झोपायला जाऊ नये. एरवी विश्रांती मनमोकळेपणाने घ्यावी.

मी यावर इतका भर देतो, कारण सोबत्यांच्या स्वतःच्या कथा बहुतांशी रात्रीच्या तळावरच उलगडतात. विश्रांती क्वचित घेतली, तर हे प्रसंग एकावर एक साचतात आणि काही कधीच समोर येत नाहीत. अ‍ॅस्टेरियनचा भूतकाळ किंवा शॅडोहार्टने जपलेल्या वस्तूविषयीचे तिचे मौन हे ज्यांनी धावपळीत ओलांडले, त्यांनी गेम संपवला असला तरी त्यातले सर्वोत्तम लेखन वाचलेलेच नसते. म्हणून प्रत्येक मोठ्या घटनेनंतर तळावर जावे, ज्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह दिसेल त्याच्याशी बोलावे, आणि चिन्ह नसले तरी एक फेरी मारावी. ज्यांना इंग्रजी संवादांचा वेग झेपत नाही त्यांनी उपशीर्षके चालू ठेवून एकेक वाक्य थांबून वाचावे. या भागात घाई करण्यासारखे काही नसते.

आणखी एक, खास पुणेकरांसाठी. शहराच्या अनेक भागांत गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. तळावर जाण्याआधी आणि आल्यानंतर स्वतंत्र सेव्ह ठेवल्यास एखादा दीर्घ प्रसंग अर्ध्यावर गमवावा लागत नाही.

पाचवी पायरी: मर्जी सांभाळणे, पण सगळ्यांची नव्हे

तुमच्या निर्णयांवर सोबती मनातल्या मनात मत बनवतात आणि पडद्यावर त्याची सूचना येते. विलला परोपकार रुचतो. अ‍ॅस्टेरियनला त्याच परोपकाराचा कंटाळा येतो. लेझेलला आडवळणाचे बोलणे खपत नाही. सगळ्यांनाच खूश ठेवायचे म्हणून प्रत्येक उत्तरानंतर मागचा सेव्ह उघडणारे खेळाडू मी पाहिले आहेत, आणि त्यांना माझे मनापासून सांगणे आहे, की तसे करू नका. ही मते प्रामुख्याने त्या वेळी बरोबर असलेल्या सोबत्यांचीच नोंदली जातात. एखादे काम विलच्या स्वभावाला साजेसे असेल, तर त्याला बरोबर न्यावे आणि अ‍ॅस्टेरियनला तळावर ठेवावे; दोघांशीही प्रामाणिक राहता येते.

काहींच्या गरजा बोलण्यापलीकडच्या असतात. गेल तुमच्याकडे जादुई वस्तू मागतो, तेही एकदा नव्हे, तीनदा. अशा वेळी पार्टीत कोणीच वापरत नसलेली एखादी जादुई अंगठी देऊन भागते, म्हणून हाती आलेली प्रत्येक जास्तीची वस्तू लगेच विकून टाकू नये. कार्लाकच्या छातीतील यंत्रासाठी ‘इन्फर्नल आयर्न’ हा दुर्मीळ धातू लागतो; तो सापडला, की डॅमन या लोहाराला गाठावे. मोठ्या नैतिक निर्णयांच्या वेळी मात्र सोबती पार्टी सोडूनही जाऊ शकतात, आणि ती शक्यता गेमने प्रामाणिकपणे ठेवलेली आहे, हेच मला त्याचे मोठेपण वाटते.

इतर गेममध्ये काय बदलते

‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ मध्ये हीच मर्जी उणे 100 ते अधिक 100 या मापावर स्पष्ट दिसते आणि भेटवस्तूंनी वाढवता येते. त्याहून महत्त्वाची आहे तिथली ‘टॅक्टिक्स’ची यादी. प्रत्येक सोबत्याला तुम्ही नियम लिहून देता आणि तो वरून खाली वाचत जाऊन, जी अट पहिल्यांदा जुळेल ती कृती करतो. म्हणून ‘साथीदाराची प्रकृती निम्म्याखाली गेली तर बरे कर’ हा नियम ‘जवळच्या शत्रूवर हल्ला कर’ याच्या वर असला पाहिजे. क्रम उलटा झाला, तर शत्रू समोर असेपर्यंत उपचाराची पाळीच येत नाही.

‘स्कायरिम’ मधील लिडियासारखे सोबती स्वतःच्या बुद्धीने लढतात. त्यांना चांगले चिलखत आणि शस्त्र द्यावे, सापळे असलेल्या बोळात शिरण्याआधी थांबायला सांगावे, आणि ते जखमी होऊन गुडघ्यावर बसले असताना त्यांच्या आसपास आगीचे स्पेल टाकू नयेत. शत्रू त्यांना सहसा मारत नाही, पण तुमचा फटका मारू शकतो. रिव्हरवुड गावातला फेन्डाल तिरंदाजी शिकवतो आणि सोबतीही होतो, त्यामुळे शिकवणीचे पैसे त्याच्याच सामानातून परत घेता येतात.

मित्रांबरोबर खेळताना

‘बाल्डर्स गेट 3’ चौघांना एकत्र खेळता येतो. मात्र चारही जागा मित्रांनीच भरल्या, की सोबत्यांना पार्टीत जागाच उरत नाही. दिवाळीच्या सुट्टीत एकत्र बसणार असाल, तर दोघांनी नायक घ्यावेत आणि उरलेल्या दोन जागी सोबती ठेवून प्रत्येकाने एकेक सांभाळावा. कोणाचा सोबती कोण, हे सत्राच्या मेनूमधून नेमून देता येते. आणि एक जण तळावर सोबत्याशी बोलत असेल, तेव्हा दुसऱ्याने त्या संवादात सामील होऊन तो ऐकावा, बाजूला दुकानदारी करत बसू नये.