पावसाळ्यात घाटात फोटो काढताना
ताम्हिणी नाहीतर माळशेजला गाडीतून उतरल्या उतरल्या फोटो काढायला गेलं की सगळं दुधाळ दिसतं, आणि ते दरवेळी धुकं नसतं बरं का, एसीत गार झालेल्या लेन्सवर बाहेरच्या दमट हवेतलं बाष्प बसतं म्हणून. घाट लागायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एसी बंद करून काचा थोड्या खाली घ्यायच्या, कॅमेरा बॅगेतच राहू द्यायचा, आणि अशा हवेत लेन्स बदलायची तर अजिबात नाही. पुसायला सुती रुमाल घ्या, शर्टाचं टोक नको.

खरं धुकं असेल तर कॅमेरा त्याला मळकट राखाडी करून टाकतो कारण त्याला सगळं मध्यम उजेडाचं करायची सवय, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ यावा ते ठरवणारी सेटिंग) +०.७ ते +१ ठेवा, मोबाईलवर स्क्रीनला टॅप करून ब्राइटनेसची खूण थोडी वर सरकवली तरी काम होतं.

धबधब्याचं पाणी रेशमासारखं हवं असेल तर कॅमेरा कठड्यावर टेकवून शटर (म्हणजे लेन्समधून उजेड आत यायचा वेळ) अर्धा सेकंद, थेंब गोठवायचे तर १/१००० सेकंद. आणि नुसतं धुकं काढू नका हो, लाल छत्रीवाला किंवा कणीस भाजणाऱ्या मावशी (विचारून!) फ्रेममध्ये घ्या.